घड्याळ बघणारी सिस्टर

"लेकरू मरून राह्यलं अन् ही बाई टाइम पाहून राह्यली!"

आमच्या गावात सिस्टरची ओळख झाली ती या वाक्यानं. ते म्हटलं शेजारच्या गावातल्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईनं, आणि ते मरून राहिलेलं लेकरू म्हणजे मी. नववीत होते. सकाळच्या प्रार्थनेला रांगेत उभी होते एवढंच मला आठवतं, पुढचं सगळं लोकांनी सांगितलेलं. मी आडवी पडले, हातपाय झाडायला लागले, डोळे वर गेले. कोणी कांदा फोडून आणला, शिपायानं पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली, एका सरांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला आणि दुसऱ्या सरांनी दातांत चमचा घातला. उपकेंद्राच्या सिस्टर नेमक्या त्या दिवशी मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या वाटायला आल्या होत्या. त्यांनी कोपरानं गर्दी फोडली, चमचा उपटून फेकला, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची पिशवी सरकवली. हेडमास्तरांना ओरडल्या, "पहिलीच फिट हाय ना हिची? मंग पाहता काय, एकशे आठले फोन लावा!" आणि मग उकिडव्या बसून मनगट डोळ्यांसमोर धरलं. चमच्यानं माझ्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. अजून हसले की दिसतो.

ते घड्याळ पुरुषी होतं. मोठी तबकडी, काळा पट्टा, आणि ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. त्या हातात बांगडी नाही. लोक म्हणत, बाई दगडाच्या काळजाची आहे. सिस्टर म्हणत, "बारा जन रडून राह्यले, एकानं तं घड्याळ पाह्यलं पाह्यजे का नाई?" फिट सहसा दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबते, पाचाच्या वर गेली तर धोका, आणि घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं अर्ध्या तासाइतकी वाटतात, हे त्यांनी गावातल्या प्रत्येक ओसरीवर सांगितलं. किती जणांनी ऐकलं? विचारू नका. कांदे फुटतच राहिले.

सिस्टर बाजारहत्नूरकडच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याच्या घरातल्या. त्यांच्याइतकी फटकळ बाई मी आजवर पाहिलेली नाही. खोटं त्यांच्या तोंडून निघतच नसे, दिलासा द्यायलासुद्धा. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "बरा होईन ना मी सिस्टर?" तर म्हणाल्या, "नाई होनार बावा, पन दुखनार नाई इतकं पाहीन मी." आणि पाहिलंही. त्यांचं बोलणं लोकांना झोंबायचं, पण औषध मात्र त्यांच्याच हातून घ्यायचे.

आदिलाबादला डोक्याचा फोटो काढला तेव्हा कळलं, माझ्या मेंदूत जंताच्या अंड्यानं झालेली एक बारीकशी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, भीती नाही, गाठ विरेल, पण फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर, दोन-तीन वर्षं, एक दिवस न चुकवता. ही बातमी आमच्या आधी गावात पोचली. "पोरीच्या डोक्यात किडे पडले." आई आठ दिवस नळावर गेली नाही. सिस्टरनी आमच्या ओसरीवर बसून, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "किडे नाई पडले. अंडं पोटात गेलं, तिथून डोक्यात. शेतात लोक बसतात, तेच पानी भाजीले लागते, अन् आपन सांबार तसाच कचकच चिरून वरनावर टाकतो. कोनाच्याबी घरी होऊ शकते. तीन पान्यानं धुवा अन् हात साबनानं धुवा." कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. हेच त्या बाजारच्या दिवशी सख्ख्या भावाच्या भाजीच्या दुकानासमोर उभ्या राहूनही गिऱ्हाइकांना सांगत. भाऊ कपाळाला हात लावायचा.

माझे बाबा तहसीलच्या दफ्तरात कारकून. शेतमजुराचा मुलगा शिकून खुर्चीवर बसलेला. आमच्या घरातून देव कधीच गेले होते, अंगारे-धुपारे तर बाबांच्या समोर कोणी नाव काढायची बिशाद नव्हती. पण माझं आजारपण सुरू झालं आणि आई पौर्णिमेचा उपोसथ धरू लागली. पांढरं लुगडं, दुपारनंतर अन्न नाही, संध्याकाळी विहारात वंदना. मलाही सोबत धरायला लावी. मन शांत झालं की डोकं शांत होईल, असं तिचं म्हणणं होतं. बाबांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

गोळ्या सुरू असूनही मला तीनदा फिट आली. तिन्ही वेळा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आता हे गावाच्या नजरेतून सुटतं होय! "पुनवेचं हाय ते, गोळीनं नाई जात." पहिल्या दोन घरातच आल्या. तिसऱ्या वेळी मात्र उठायला उशीर झाला म्हणून मी तशीच शाळेत पळाले होते, आणि वर्गात पडले. सगळ्यांच्या देखत कपडे ओले झाले. आठवड्यानं मी परत गेले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी माझी नक्कल करत होती. जीभ बाहेर, डोळे पांढरे, हात वाकडे, तोंडानं घर्र घर्र आवाज. पोरं हसून हसून लोळत होती. मी दारात उभी राहून ते सगळं पाहिलं.

त्यांच्यापैकी प्रत्येकानं मला पाहिलेलं होतं आणि मी मात्र कधीच पाहिलेलं नव्हतं, याची मला जी चीड आली ती अजून जशीच्या तशी आठवते. दप्तर तिथंच टाकून मी शाळेजवळच्या उपकेंद्रात गेले. सिस्टर लशींची पेटी पुसत होत्या.

"सिस्टर, मी खरंच तशी दिसते का?"

"कशी?"

मी नक्कल करून दाखवली. त्यांनी पेटी खाली ठेवली.

"नाई व माय. झोपेत कोनाशी भांडून राह्यली असं वाटते. मंग दमते अन् झोपून जाते. बस. इतकंच."

"खरं?"

"मी कधी खोटं बोलली का?"

नव्हत्या बोलल्या. मी रडायची थांबले, शाळेत परत गेले आणि त्या नक्कल करणारीच्या शेजारी जाऊन बसले. पुढचे कित्येक महिने मी त्या एका वाक्यावर काढले. लोक माझ्याकडे पाहू लागले की मनात म्हणायचे, काही नाही, झोपेत भांडत होते.

पण हेडमास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं. "बाकीची मुलं भितात. घरीच राहू द्या. दहावी बाहेरून देईल." दुसऱ्याच दिवशी मावशी आली. तिनं इंद्रवेल्लीच्या पलीकडे कोणा बुवाचं नाव काढलं, जो मिर्गी उतरवतो. मला वाटलं, आता बाबा तिला धारेवर धरणार! ते खाली पाहत राहिले आणि म्हणाले, "एकदा नेऊन पाहू." माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. फिटचीसुद्धा नाही. बाबा हरले होते, आणि ते हरले म्हणजे माझी शाळा गेली, पुढचं शिक्षण गेलं, मी त्या ओसरीवरच म्हातारी होणार. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी दफ्तरातल्या वळणदार अक्षरात दरखास्त लिहिली: मुलीच्या प्रकृतीच्या कारणानं शाळा सोडल्याचा दाखला मिळावा.

रविवारी सिस्टर आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. गावात गोष्ट लपते थोडीच. चहासुद्धा घेतला नाही. सरळ भिंतीजवळ गेल्या. तिथं खताच्या दुकानानं दिलेलं तेलुगू कॅलेंडर लटकत होतं. माझी फिट आली की त्या तारखेवर लाल फुली मारायची, हे त्यांनीच आईला लावून दिलेलं. पौर्णिमेच्या चौकटीत कॅलेंडरवाल्यानं पांढरा चंद्र छापलेला, आणि प्रत्येक लाल फुली त्याच्या पुढच्याच चौकटीत.

"लोक खरंच म्हनतात," सिस्टर म्हणाल्या. "पुनवेचंच हाय."

बाबांनी चमकून वर पाहिलं. मला वाटलं, झालं, याही गेल्या तिकडच्या बाजूला.

"वयनी, पुनवेले तुमच्या घरी काय काय होते ते सकाळपासून सांगा."

आईनं सांगितलं. अंघोळ, वंदना, अकरा वाजता जेवण, मग उपास, संध्याकाळी विहार, यायला उशीर, झोपायला अकरा-साडेअकरा.

"हिलेबी उपास?"

"हिच्याचसाठी तं करून राह्यली मी."

"मंग संध्याकाळची गोळी?"

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "डॉक्टरसायब म्हनले, जेवल्यावर द्या. जेवलीच नाई तं गोळी कशी देऊ? उपाशी पोटी त्रास नाई का होनार?"

आईनं डॉक्टरांचा शब्द असा पाळला होता जसा पंचशील पाळते. सिस्टर खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"अन् दुसऱ्या दिवशी हिले उठाले उशीर. सकाळचीबी गोळी लांबते. रात्रीची गेली, सकाळची लांबली, वरून झोप नाई, पोटात अन्न नाई. फिट नाई येईल तं काय होईल?"

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "म्हंजे मीच माझ्या पोरीले..."

"तुमी नाई. मी. गोळ्याचं पाकीट मीच समजावून देल्तं. 'जेवल्यावर' म्हनली, 'नाई जेवली तरी' म्हनाचं राह्यलं. चूक माझी हाय, तुमच्यावर घेऊ नका." मग बाबांकडे वळल्या. "भाऊ, तुमी घाबरले. घाबरल्या मानसानं अर्जी लिहू नये. एक पुनव थांबा. गोळी चुकली नाई, झोप झाली, तरी फिट आली तं खुशाल सही करा. मी आडवी येनार नाई."

बाबांनी दरखास्त घडी करून कॅलेंडरच्या मागे खोचली. तिथं ती सतरा दिवस राहिली. मी रोज येता-जाता तिच्याकडे पाहायचे.

त्या पौर्णिमेला आईनं उपोसथ एकटीनं धरला. मला सातला वरण-भात आणि गोळी, नऊला अंथरूण. झोप लागते कसली! तरी लागली. सकाळी उठले तर सिस्टर पहिल्या बसनं येऊन ओसरीवर बसलेल्या, हात मांडीवर उताणा, घड्याळ वर. माझी फिट उठल्यापासून तासाभरात यायची, हे त्यांना माहीत होतं आणि सगळ्या गावालाही. आमच्या दारावरून त्या दिवशी जितकी माणसं पाणी भरायला गेली तितकं पाणी आमच्या गावात नाही. मी दात घासले. चहा-पोळी खाल्ली, गोळी घेतली. आई माझ्या मागेमागे, बाबा अंघोळ न करता खांबाला टेकून उभे. वेणी घालून घेताना माझा डावा हात थरथरायला लागला. आईच्या हातातून कंगवा पडला. बाबा पुढे आले आणि त्यांचे डोळे कॅलेंडरकडे गेले, ते मी पाहिलं.

"सिस्टर!" आई किंचाळली.

सिस्टर जागच्या उठल्या नाहीत. "मूठ वळ पोरी."

मी मूठ वळली.

"उघड. पुन्ना वळ. आता तुजं नाव सांग, शाळेचं नाव सांग."

मी सांगितलं.

"भीतीची थरथर हाय. फिटीतला हात तुजं ऐकत नाई, हा ऐकून राह्यला. वेनी घाला वयनी, बस येईल."

आठ वाजले. सव्वाआठ. साडेआठला फाट्यावर बस आली आणि मी तिच्यात चढले. मागे वळून पाहिलं तर बाबा भर रस्त्यात अंघोळ न केलेले, बनियनवर उभे. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा कॅलेंडरमागची दरखास्त नव्हती. चुलीत गेली असावी.

त्यानंतर एकदाच फिट आली, तापात. तीन वर्षांनी डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. मी शिकले, आता आमच्याच मंडळात, म्हणजे तालुक्यात, मराठी शाळेत शिकवते. सिस्टरची मध्येच बदली झाली, मग त्या निवृत्त होऊन बाजारहत्नूरला भावाकडे राहू लागल्या. फोन करायच्या. "जय भीम मॅडम" असं मुद्दाम चिडवत सुरुवात, आणि पुढे लगेच, "सांबार धुते का?"

काही वर्षांपूर्वी मी त्यांना शाळेत बोलावलं, मुलांना हात धुण्याचं सांगायला. आल्या. वाळल्या होत्या. डाव्या हाताची बोटं मध्येच नाचत होती, त्यावर उजवा हात दाबून ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं." आणि मला पटलं! मला, जिला त्यांनी घडवलं, तिला पटलं. मुलांसमोर उभ्या राहून साबणाचा फेस करता करता त्या थांबल्या, मान एका बाजूला वळली आणि त्या खाली गेल्या.

मुलं किंचाळली. आमच्या एका सरांनी चप्पल काढली, अजूनही! मी इतकी जोरात ओरडले की ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सिस्टरना कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी घातली, एका मॅडमना फोन लावायला सांगितलं आणि त्यांचंच मनगट माझ्याकडे वळवून घड्याळ पाहायला गेले. पण तो हात इतका आपटत होता की काटे दिसेनात. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक मिनिट. दोन. दोन मिनिटांच्या मधल्या वेळात मला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावंच लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी फिट पाहत होते. निळे पडलेले ओठ, जीभ चावून लाल झालेला फेस, डोळे उघडे आणि त्यांत कोणीच नाही. आणि तो घर्र घर्र आवाज. मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं नक्कल अगदी हुबेहूब केली होती. उलट थोडी कमीच.

तीन. चार. पाच. पाच ओलांडली तरी डोळे घड्याळावरच ठेवले. सहाव्या मिनिटानंतर अंग सैल पडलं. गाडी आली. त्यातल्या माणसानं पहिलंच विचारलं, "एन्नि निमिषालु?" किती मिनिटं? मी सांगितलं, सहा मिनिटं, दहा सेकंद. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेच कामाला लागला.

त्यांच्या मेंदूत वेगळीच गाठ निघाली, न विरणारी. बोटं दोन महिन्यांपासून नाचत होती आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी चिडले. "तुम्ही? तुम्ही लपवलं? गावाला शिव्या घालत होतात, लोक लपवतात म्हणून!" त्यांनी मान दुसरीकडे केली. "लाज वाटली व. मले बी वाटू शकते ना." त्यानंतर त्या सातच महिने होत्या. भावाच्या वाफ्यांच्या कडेला त्यांना पोचवून आलो तेव्हा आई माझ्यापेक्षा जास्त रडली.

आता दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी वर्गाला सांगते, मला लहानपणी फिट यायची, कोणाला आली तर चप्पल नको, चमचा नको, घड्याळ बघा. टवका उडालेला दातही दाखवते. मुलांना तो फार आवडतो.

पण मला राहून राहून आठवते ती आदिलाबादच्या दवाखान्यातली दुपार, फिटच्या दुसऱ्या दिवशीची. त्या उठून बसल्या होत्या. चावलेल्या जिभेनं बोबडं बोलत होत्या. आधी विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. "मोठी होती," म्हणाल्या. मग बराच वेळ चादरीचा काठ चाळवत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं.

"सगळ्या लेकरायसमोर पडली ना मी. कशी दिसत होती व?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, "काही नाही सिस्टर. झोपेत कोणाशी तरी भांडत होतात. मग दमलात आणि झोपलात. बस. इतकंच."

मग त्यांचे ओठ हलले आणि डोळे भरून आले.

"खोटारडी," म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरून ठेवला.